आवटींची गाडी का तापत होती

"झाकण उघडू नका, भाऊजी!" मी ओरडले. पण माझं ऐकायचं नाही असा त्या घरातल्या पुरुषांनी जणू पणच केला होता. विरूपाक्षभाऊजींनी सीटवरचा टॉवेल रेडिएटरच्या झाकणावर टाकला, दात आवळून ते पिळलं, आणि उकळतं पाणी फस्सकन वर उसळलं. भाऊजींनी मागे उडी मारली म्हणून हात वाचला, पण लाँड्रीतून आदल्या दिवशीच आलेल्या पांढऱ्या शर्टावर पिवळे शिंतोडे उडाले.

"गंज आहे," आप्पा म्हणाले. "जुनी गाडी. गंज असायचाच."

जोतिबाच्या डोंगराचा चढ होता, उन्हाळ्याचे दिवस होते. वर देवाला निघालेल्या जीपगाड्या हॉर्न मारत आमच्या बाजूनं जात होत्या आणि आतली माणसं माना बाहेर काढून बघत होती. बघण्यासारखं होतंच. सांगलीच्या हळद पेठेतले मल्लाप्पा आवटी, म्हणजे माझे सासरे आप्पा, धोतर-कोटात रस्त्याच्या कडेला ताठ उभे. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, नैवेद्याची पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसलेल्या. धाकटे दीर शर्ट झटकताहेत. आणि ज्या बाईनं ही गाडी सांगलीपासून इथवर चालवत आणली ती मी, पदर खोचून, घामानं निथळत बॉनेटपाशी.

"पहिल्या गिअरमध्ये रेटत आणली की गाडी! मग तापणार न्हाय तर काय होणार?" भाऊजी म्हणाले. भाऊजी स्वतः मोटारसायकल चालवायचे. चारचाकीतलं त्यांचं ज्ञान मागच्या सीटवर बसून मिळवलेलं होतं.

"चढावर पहिला गिअरच टाकतात," मी म्हटलं.

"बाईच्या हातात गाडी दिली तवाच मी म्हटलं हुतं," आप्पा माझ्याकडे न बघता बोलले आणि त्यांनी तळहात पुढं केला. मला आधी कळेना त्यांना काय हवंय. मग कळलं. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

त्या किल्लीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. माझे यजमान अथणीकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. हंगामात महिना महिना घरी येत नसत. आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, त्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. तेव्हा यजमानांनी मला मिरज रोडवर नेऊन शिकवलं, लायसन काढून दिलं. लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून मी काय शिजवावं, कोणतं लुगडं नेसावं, माहेरी कधी जावं हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवत होतं. स्टेअरिंग हातात आलं तेव्हा पहिल्यांदा मी म्हणेन तिकडे काहीतरी वळायला लागलं. मला त्याचं वेड लागलं होतं, आणि ते मी कुणापासून लपवतही नव्हते.

एका नारळवाल्याच्या दुकानातून बादलीभर पाणी आणून ओतलं. इंजिन निवलं. देवदर्शन चालत जाऊन केलं. परतताना गाडी भाऊजींनी चालवली. चालवली म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून ती डोंगराखाली सोडली. कोल्हापूरपर्यंत आल्यावर त्यांनी विजयी मुद्रेनं मागे वळून विचारलं, "बघा आप्पा, माझ्या हातात तापली का?"

"उतारावर म्हातारा बैलसुद्धा दमत नाही, भाऊजी," मी म्हटलं.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. आप्पांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की भाऊजींनी मान पुढं वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत अख्ख्या पेठेला बातमी पोचली होती. आवटींच्या सुनेनं गाडी जाळली! जाळली काय! पाणी उकळलं होतं, पण पेठेत त्याचा जाळ झाला. शेजारची बाई हळदीकुंकवाचं निमित्त काढून विचारून गेली, "भाजलं-बिजलं नाही ना गं कुठं?" संध्याकाळी आप्पांनी पुढच्या सोप्यात बसून जाहीर केलं, की तासगावचे बेदाणेवाले जमदाडे रविवारी गाडी बघायला येणार आहेत. विकून टाकायची.

"तिचं इंजिनच गेलंय म्हणं," भाऊजी म्हणाले. त्यांचा डोळा नव्या छोट्या गाडीवर होता, हे मला ठाऊक होतं.

मी ताटं उचलत होते. ती तशीच खाली ठेवली.

"इंजिन गेलंय असं कुणी सांगितलं? उघडून बघितलं का?"

"तू बघणार हायस का उघडून?" आप्पा हसले. "पिठाच्या गिरणीवाल्याची पोर! दळायचं हाय का काय?"

माझ्या वडिलांची कवठेमहांकाळला गिरणी होती, हे खरं. त्या घरात ते मला टोमणा मारायचा असला की आठवायचं. मी म्हटलं, "हो, बघणार. माझ्या चालवण्यानं गाडी तापली असं निघालं तर जन्मात पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही. पण दुसरं काही निघालं, तर ते तुम्ही चारचौघांत सांगायचं. जसं माझं नाव चारचौघांत घेतलंत तसं."

"वहिनी, जरा तोंड सांभाळून," भाऊजी म्हणाले.

आप्पांनी मात्र हात उडवला. "बघ की. बॉनेट उघडायला कोण नको म्हणतंय? तेवढीच हौस फिटंल." किल्ली त्यांनी कोटाच्या खिशात टाकली.

सकाळी आप्पा आणि भाऊजी मार्केट यार्डात गेले. मी अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभी होते, पण इंजिन चालू केल्याशिवाय त्यात काय दिसणार? तेवढ्यात अक्का तांदूळ निवडायचं सूप घेऊन पायरीवर येऊन बसल्या. सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, "आज त्यांनी दुसरा कोट घातलाय. कालचा खुंटीवर हाय. मी काय बघितलं न्हाय."

मी किल्ली घेऊन आले.

गिरणीचं इंजिन आणि मोटारीचं इंजिन यांत फरक फार, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. गिरणीच्या इंजिनाला बाहेर पाण्याचं पिंप जोडलेलं असतं. पाणी इंजिनातून फिरून तापतं, पिंपात येऊन निवतं, पुन्हा आत जातं. पाणी फिरतंय की नाही हे वडील पिंपाला आणि पायपाला हात लावून ओळखायचे, आणि मी त्यांच्या मागे मागे हात लावत फिरायचे. मोटारीत पिंपाच्या जागी रेडिएटर. तेव्हा माझ्यापुढं प्रश्न साधा होता. पाणी आहे का, फिरतंय का, आणि फिरून निवतंय का?

पाणी गळ्यापर्यंत होतं. ऑइलची पट्टी काढून बघितली. पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं. ते काळंच होतं, म्हणजे इंजिन आतून शाबूत होतं. भाऊजींच्या 'इंजिन गेलंय'ला पहिला सुरुंग तिथंच लागला. मग पंख्याचा पट्टा दाबून बघितला तर तो चांगला ढिला. मला वाटलं, सापडलं! एवढ्यासाठी एवढा तमाशा! पाना घेऊन पट्टा ताणला, इंजिन चालू केलं आणि विजयाच्या आनंदात अक्कांसाठी चहा टाकायला आत गेले. चहाला आधण येईस्तोवर गाडीलाही आलं. काटा लाल रेघेवर जाऊन बसला होता.

"न्हाय व्हय सापडलं?" अक्कांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. रडू येत होतं, पण रडायची ती जागा नव्हती. शेजारची बाई गच्चीवरून बघत होती.

इंजिन निवल्यावर मी रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं आणि पुन्हा चालू केलं. ॲक्सिलेटरची तार हातानं ओढून इंजिन घुमवलं. पाणी हललं. म्हणजे पंप मेला नव्हता. मग मी खाली वाकले, आणि तिथं एक गंमत दिसली. रेडिएटरच्या खालून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप, इंजिन घुमवलं की चप्पट व्हायचा. तार सोडली की पुन्हा गोल. पुन्हा ओढली, पुन्हा चप्पट. मी तीनचारदा करून बघितलं. पंप जीव खाऊन पाणी ओढत होता, आणि रेडिएटर त्याला द्यायला तयार नव्हता.

मी रेडिएटरच्या जाळीवर तळहात ठेवला. वरची बाजू पोळत होती. जरा खाली आले, कोमट. मध्यभागी हात नेला तर गार. उन्हात उभ्या केलेल्या, उकळायला आलेल्या गाडीच्या रेडिएटरचा मधला भाग माठासारखा गार होता! पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

"अक्का, हे तुंबलंय," मी म्हटलं. "आत काहीतरी बसलंय."

अक्का सूप बाजूला ठेवून उठल्या. मी रेडिएटरच्या तळाची, पाणी सोडायची चावी सोडली. पाणी धारेनं यायला हवं होतं. आधी दोन थेंब आले. मी आत तार घातली, ढोसली, आणि मग घट्ट, पिवळाजर्द रेंदा भदकन पितळेच्या परातीत पडला. त्याच्यामागून वाफाळतं पिवळं पाणी आलं. आणि वास. जोतिबाच्या चढावर तोच वास मला आला होता आणि ओळखला नव्हता. कसा ओळखणार? त्या घरात अंथरुणाला, पापडाला, हिशेबाच्या वह्यांनासुद्धा तोच वास यायचा. माणसाला स्वतःच्या घराचा वास येत नाही. शिवारात हळद शिजवायला काढतात तेव्हा काहिलीतून येतो तो हा वास होता.

मी रेंद्यात बोट बुडवलं. बोट पिवळं झालं. मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अक्का, ही हळद आहे."

"हळू बोल!" त्या म्हणाल्या आणि गच्चीकडे बघून परातीवर पदर धरला.

मग स्वयंपाकघरात, दार लावून, त्यांनी सांगितलं. गाडी नवी होती तेव्हा आप्पा कुठंतरी विजापूरकडे चालले होते आणि रेडिएटर गळायला लागला. एका ट्रकवाल्यानं सांगितलं, मूठभर हळद टाका, चीर बुजेल. हळदीच्या व्यापाऱ्याकडे हळदीला काय तोटा! नमुन्याची पुडी होतीच. टाकली, आणि गळती थांबली. आप्पा घरी आले ते देव भेटल्यासारखे. ज्या हळदीनं घराणं वर आणलं तिनंच रस्त्यात लाज राखली! त्या दसऱ्याला तराजूची पूजा झाली, वजनांची झाली, गादीची झाली, आणि मग आप्पांनी रेडिएटरचं झाकण उघडून उंची हळदीची चांदीची वाटी आत ओतली. पुढच्या दसऱ्याला पुन्हा. गळो न गळो, दर दसऱ्याला एक वाटी. सोवळ्यात, उजव्या हातानं.

"आणि कुणी काही म्हटलं नाही?"

"काय म्हणायचं? पूजा ती. वाटी मीच भरून देत हुते की," अक्का म्हणाल्या.

मला हसू फुटलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. इतकी वर्षं एका माणसानं भक्तिभावानं स्वतःच्या गाडीच्या नरड्यात हळद कोंबली, आणि गाडी घुसमटली तेव्हा खापर फुटलं ते माझ्या डोक्यावर.

रेडिएटर चार नटबोल्टांवर असतो. तो मी उतरवला, पोत्यात गुंडाळला, रिक्षात घातला आणि दस्तगीर मिस्त्रींकडे नेला. आप्पांची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच गॅरेजमध्ये जायची. म्हातारबुवांनी पोतं उघडून रेडिएटरच्या तोंडाशी नाक नेलं आणि हळूच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यावरून मला सगळं समजलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"भाभी, गेल्या खेपेला गाडी आली तवाच दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगायचं? मल्लाप्पाशेठला? हळद खराब करते म्हणून?" मिस्त्रींनी कानाला हात लावले. "माझं निम्मं गिऱ्हाईक पेठेतलं. हळदीला नाव ठेवून या गावात धंदा कोण करंल, सांगा की. मी आपलं वरचं वर पाणी बदलून दिलं. म्हटलं, घाट-बिट चढत न्हाईत, यार्डापतूर तर जाते."

"आणि जोतिबाला उकळली, आणि नाव माझं झालं. ते चाललं तुम्हाला?"

मिस्त्रींनी पोत्याची घडी घालायला घेतली. मला त्यांची कीव आली नाही. ते वाईट नव्हते, पण त्यांचं गप्प राहणं मला महागात पडलं होतं, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ब्लो-लॅम्प पेटवून रेडिएटरची वरची टाकी उघडली. आतल्या नळ्यांची तोंडं पिवळ्या खपल्यांनी गच्च लिंपली होती. चपटी पोलादी पट्टी घेऊन त्यांनी एकेक नळी कोरायला सुरुवात केली. दुसरी पट्टी मी मागून घेतली. त्यांनी एकदा 'तुमी कशाला' म्हणून बघितलं आणि मग सरकून जागा दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं कोरत होतो. मिस्त्रींनी टाकी पुन्हा शिशानं झाळून दिली, आणि जिथं जुनी चीर होती तिथंही हळदीऐवजी झाळ लावली.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर बसवला, चांगलं पाणी भरलं आणि ऐन उन्हात इंजिन चालू ठेवून मी शेजारी स्टूल टाकून बसले. काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला. मी हेडलाइट लावले, इंजिन बोंबलेस्तोवर रेस केली. काटा हलला नाही. खालचा पाइप गोल होता. जाळी सगळीकडे सारखी गरम होती. अक्कांनी येऊन हात लावून बघितला आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा तोंडावर पदर न घेता हसल्या.

रात्रीच्या जेवणाआधी आप्पा एकटे गादीवर बसले असताना मी रेंद्याचा वाळलेला गोळा वाटीत घालून त्यांच्यापुढं ठेवला. मला त्यांची चारचौघांत शोभा करायची नव्हती. खरंच नव्हती. मी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्यांनी गोळा चिमटीत धरला, चुरगाळला, हुंगला. हळदीची प्रत डोळे मिटून ओळखणारा माणूस तो.

"गाडी आता तापत न्हाय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"शाब्बास. मग जमदाडे चांगला भाव देतील." वाटी त्यांनी गादीखाली सरकवली. "ह्ये कुणाला बोलू नको."

मी गाडी दुरुस्त केली होती ती त्यांनी ती जास्त भावानं विकावी म्हणून!

रविवारी जमदाडे आले. गुबगुबीत, गोरेपान, बोटात अंगठ्या. येताना सगळ्यांसाठी बेदाण्याची पिशवी घेऊन आलेले. गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारली, आत बसून हॉर्न वाजवला. मग सोप्यात लोडाला टेकून बसले. पेठेतले दोनतीन व्यापारीही सहज आल्यासारखे येऊन बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा जमदाडे विचारत होते, "काय ओ आवटीशेठ, जोतिबाला लई उकळली म्हणं गाडी? काय भानगड?"

आप्पांनी क्षणभरसुद्धा अडखळू नये?

"गाडीत काय खोट न्हाय," ते म्हणाले. "सूनबाईंनी हौसेनं चालवाय घेतली. बायकांचा हात. चढावर रेटली, तापली. पुरुषाच्या हातात सोन्यासारखी चालंल."

सगळे समजूतदारपणे हसले. भाऊजी सगळ्यांत मोठ्यांदा. मी ट्रे खाली ठेवला. कपबश्या वाजल्या.

"आप्पा, ते खरं नाही."

सोप्यातलं हसू थांबलं. त्या घरातल्या सुनेचा आवाज परक्या माणसांसमोर त्या सोप्यात तोवर कुणी ऐकला नव्हता.

"आत जा," आप्पा म्हणाले.

"जाते. पण आधी तुम्ही सांगा, कुणाच्या हातानं तापली ती."

"वहिनी!" भाऊजी उठले.

"बसा, भाऊजी." मी जमदाड्यांकडे वळले. "गाडी माझ्या हातानं तापली नाही. रेडिएटरमध्ये हळद होती. दर दसऱ्याला वाटीभर. नळ्या बुजल्या होत्या, पाणी खाली येत नव्हतं. मी ती काढली. दस्तगीर मिस्त्रींना विचारा. घेणार असाल तर हे ऐकून घ्या."

"हळद?" जमदाड्यांनी कप तोंडाशी नेला होता तो तसाच धरला. "रेडिएटरमध्ये?" त्यांनी आप्पांकडे बघितलं, मग पेठेतल्या व्यापाऱ्यांकडे, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. "अहो आवटीशेठ, मग मीठ-मिरची तेवढी का ठेवली? आमटीच झाली असती की!"

व्यापारी हसू दाबत एकमेकांकडे बघू लागले. आप्पांच्या कपाळाची शीर उडत होती. "खोटं बोलतीया," ते म्हणाले. आवाज मोठा होता, पण त्यात दम नव्हता. "गिरणीवाल्याची पोर. तिला काय कळतंय?"

तेव्हा आतल्या दारातून अक्का बाहेर आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या सोप्यात येत नसत. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकून त्या उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"खोटं न्हाय," त्या म्हणाल्या. "वाटी मीच भरून देत हुते."

एवढंच बोलून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आत परत गेल्या नाहीत.

जमदाड्यांनी डोळे पुसले. माणूस मोकळा होता. म्हणाले, "हसलो, राग मानू नका. पण गाडी आता ठणठणीत आहे ना? मग मी घेतो की. काय भाव म्हणता?"

आप्पा खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत होते. मला त्या वेळी वाटलं, संपलं. मी तोंड उघडून मान मिळवला आणि गाडी घालवली.

"विकायची न्हाय," आप्पा म्हणाले.

"आँ?"

"न्हाय विकायची, म्हटलं ना." ते उठले आणि आत निघून गेले.

यात त्यांना माझा पुळका आला होता अशी कुणी समजूत करून घेऊ नये. ही गाडी तासगावात गेली असती तर तिच्याबरोबर हळदीची गोष्टही गेली असती, आणि प्रत्येक बाजाराला जमदाडे ती रंगवून सांगणार, हे त्यांना तिथल्या तिथं उमगलं असणार. ते काहीही असो. गाडी राहिली.

किल्ली खुंटीवरच्या कोटात होती. ती मला कुणी दिली नाही. आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. 'तिला सांग', 'तिला म्हणावं' असं अक्कांमार्फत चाले. भाऊजी मला बघून भिंतीशी बोलत. मी चारपाच दिवस वाट बघितली. मला वाटत होतं, आप्पा एकदा तरी म्हणतील की चूक झाली, किंवा निदान किल्ली पुढं करतील. मग लक्षात आलं, की मी चुकीच्या गोष्टीची वाट बघतेय. ज्याच्या नरड्यात सत्य अडकलंय त्यानं ते बाहेर काढेपर्यंत मी का अंगणात उभं राहावं?

सकाळी मी आंघोळ करून सरळ खुंटीकडे गेले, सगळ्यांच्या देखत कोटात हात घातला, किल्ली घेतली आणि बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. फाटक उघडलं, गाडी काढून रस्त्यावर उभी केली. मला कुठं जायचं होतं असं नाही. जायचं होतं एवढं खरं.

मी पहिला गिअर टाकणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. आप्पा होते. कोट, धोतर, हातात छत्री. यार्डात रोज ते भाऊजींच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचे. ते मागच्या सीटवर ऐसपैस बसले, दार ओढलं आणि समोर बघत म्हणाले, "यार्डात घे."

समोरच्या गच्चीवर शेजारची बाई होती. हळद पेठेतली दुकानं नुकतीच उघडत होती. फळ्या हातात घेऊन दुकानदार थांबले होते.

मी गिअरवरचा हात काढला. इंजिन बंद केलं.

"काय झालं?" आप्पा म्हणाले. "तापली का?"

"नाही," मी म्हटलं. "मागे पगारी ड्रायव्हरचे मालक बसतात, आप्पा. मी तुमची सून आहे. पुढं बसा."

मी वळून बघितलं नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून मी बसून राहिले. एक हातगाडीवाला आमच्या मागे येऊन थांबला, घंटी वाजवून कंटाळला आणि बाजूनं निघून गेला. दिवसभर बसावं लागलं असतं तरी मी बसले असते.

मागचं दार उघडलं आणि धाडकन आपटलं. आप्पा खाली उतरले, छत्री टेकत चार पावलं यार्डाच्या दिशेनं चालले. जाऊ देत, मी मनाशी म्हटलं. मग ते थांबले. सगळी पेठ बघत होती. बॉनेटच्या पुढून वळसा घालून ते आले, पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले. छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरली.

मी इंजिन चालू केलं.

"क्लच सावकाश सोड," आप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते.

"मला येतो सोडता," मी म्हटलं, आणि गाडी काढली.